दिवसातून पंधरा वेळा बाहेर

माणसाने चंद्रावर पाऊल ठेवले, मंगळावर गाडी फिरवली आणि अखेर अनेक शतकांच्या तपश्चर्येनंतर तो स्वतःच्या आतड्याच्या शेवटच्या वळणापर्यंत जाऊन पोहोचला. ज्या अंधाऱ्या प्रदेशात आजवर सूर्याचा किरण शिरला नव्हता, तिथे विज्ञानाने दिवा नेला. मानवी देहाचे शेवटचे रहस्य उलगडले आणि पोटदुखीचे युग संपले, असे त्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांनी एकमुखाने छापले.

पिंपळदऱ्याला ते वर्तमानपत्र दुपारच्या एसटीने आले आणि वैजयंतीबाई नेर्लेकरांनी त्यावर मेथी निवडली.

मेथीच्या काड्या बाजूला सारताना त्यांची नजर बातमीवर पडली. मग काड्या तशाच राहिल्या. बाईंनी बातमी दोनदा वाचली, तिसऱ्यांदा चष्मा पुसून वाचली आणि मग घाईघाईने उठून त्या आत गेल्या. कुठे गेल्या ते बाईंना सांगायला आवडत नसे, म्हणून आपणही तूर्त सांगायला नको.

शोध असा होता. जांभळाच्या बीएवढी एक गोळी. सरकारी कागदावर तिचे नाव ‘आंत्रवीक्षक गुटिका’, पण लोक तिला सरळ ‘बी’ म्हणू लागले. पाण्याबरोबर बी गिळायची. ती सावकाश खाली उतरते आणि उतरता उतरता वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाची खबर पोटावर चिकटवलेल्या एका पट्टीला देत राहते. आतड्याच्या अस्तराला सूज आली, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे गर्दी करतात आणि एक विशिष्ट प्रथिन सोडतात. कुठल्या वळणावर ते प्रथिन किती सापडले, हे बी सांगते. शिवाय सुजलेल्या जागी क्षयाचे जंतू असतील, तर त्यांची जनुकीय खूणही ती तिथल्या तिथे ओळखते.

ही शेवटची गोष्ट फार मोलाची. कारण आतड्याचा क्षय आणि ‘क्रोन’ नावाचा दाहविकार ही दोन दुखणी दुर्बीण घालून पाहिली तरी जुळ्या भावांसारखी दिसतात. क्रोनमध्ये शरीराची संरक्षक फौज गैरसमजाने स्वतःच्याच आतड्यावर चालून जाते, म्हणून त्या फौजेला गुंगी आणणारे औषध द्यावे लागते. तेच औषध क्षयाच्या रोग्याला दिले, की फौज झोपते आणि जंतूंना रान मोकळे मिळते. म्हणजे भाऊ ओळखण्यात चूक झाली, तर औषधच माणसाला पोहोचवून येते.

वैजयंतीबाईंच्या पोटात या दोघांपैकी कोणता भाऊ राहायला आला होता, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

दुखणे जुने. आधी ते मूळव्याध होते. मग आव झाले. मग एका डॉक्टरांनी “तुम्ही टेन्शन फार घेता” असे निदान केले, ते ऐकून बाईंना खरोखरच टेन्शन आले. त्यानंतर नुसत्या संशयावर क्षयाची औषधे झाली, त्यांनी भूक गेली आणि दुखणे राहिले. बाईंची पोलकी खांद्यावरून उतरू लागली. फळ्यावर लिहिताना त्या दुसऱ्या हाताने फळ्याची चौकट धरू लागल्या.

पिंपळदऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टरांची जागा कित्येक वर्षे रिकामी होती. मंगळवारी तेवढे एक डॉक्टर जिल्ह्याहून येत. त्यांनी बाईंना स्पष्टच सांगितले, “बाई, हा क्षय की क्रोन, हे कळल्याशिवाय मी औषधाला हात लावणार नाही. आणि फार दिवस असेच गेले, तर आतड्याचा तुकडा काढावा लागेल. काढेपर्यंत तुमच्या अंगात तेवढं रक्त राहिलं तर. बी गिळा तुम्ही.”

“मिळेल?”

“ते धन्वी ठरवते,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बोटाने बाहेरच्या व्हरांड्याकडे दाखवले.

जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात गेले, तर तिथले डॉक्टर दुर्बीण घालून, तुकडा तपासून, काहीतरी ठरवू शकले असते. पण जिल्हा घाटापलीकडे. एसटी घाटात थांबत नसे आणि बाईंचे पोट घाटाची वाट पाहत नसे. मागच्या खेपेला त्यांना कंडक्टरला गाडी थांबवायला सांगायचे होते. काय कारण सांगावे, हे सुचेपर्यंत कारण उरले नव्हते. त्यानंतर बाईंनी घाट पाहिला नव्हता.

म्हणजे उरली ती धन्वी.

धन्वी हे एक कपाट होते. उंचीला माणसाएवढे, पोपटी रंगाचे, वर एक हसरा चेहरा रंगवलेला. बिया थोड्या आणि पोटे फार, तेव्हा वशिला चालू नये, साहेबाची चिठ्ठी चालू नये, नवऱ्याने बायकोच्या वतीने आणि पुढाऱ्याने नवऱ्याच्या वतीने बोलू नये, म्हणून सरकारने वाटपाचे काम या कपाटावर सोपवले होते. ते फक्त रुग्णाचा स्वतःचा आवाज ओळखे, त्याला प्रश्न विचारी आणि उत्तरांवरून ठरवी की याला बी द्यायची की नाही. कपाट अत्यंत प्रामाणिक होते. त्याच्यावर उपाय नव्हता.

मराठी त्याला शिकवले होते लाखो छापील पानांवरून. आता छापील मराठीत माणसे पुष्कळ ठिकाणी जातात. फिरायला जातात, कचेरीत जातात, देवळात जातात, हवापालटाला जातात. चारशे पानांच्या कादंबरीत नायक सोळा वर्षे जगतो आणि एकदाही जिथे रोज जायला हवे तिथे जात नाही. धन्वीने हे सगळे वाचले होते आणि त्यावरून मराठी माणसाचे पोट कसे चालते याविषयी आपले मत बनवले होते.

आणि तिच्या पुढ्यात येऊन बसल्या वैजयंतीबाई, ज्यांनी उभ्या आयुष्यात तो शब्द उच्चारला नव्हता.

यात बाईंच्या स्वभावाचा भाग होता, तसा नोकरीचाही. त्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागल्या, तेव्हा मुले वर्गात उभी राहून जे काय लागले असेल ते खणखणीत आवाजात जाहीर करत. कवितेच्या मधोमध करत. बाईंनी पहिल्याच आठवड्यात नियम केला. हात वर करायचा आणि विचारायचे, “बाई, बाहेर जाऊ?” बस. नियम मुलांबरोबर घरी गेला, घरातून बाजारात गेला, आणि सुमारे तीस वर्षांत असे झाले, की पिंपळदरा तालुक्यात चाळिशीच्या आतला कोणीही माणूस दुसरा शब्द वापरीनासा झाला. सासरी आलेल्या सुना महिनाभर बुचकळ्यात पडत, मग त्याही बाहेर जाऊ लागत.

बाईंच्या या साम्राज्यात बंडखोर एकच, त्यांचे यजमान. प्रदीपराव पाटबंधारे खात्यात होते आणि कालव्याच्या या काठावरून त्या काठावर बोलण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावरही कालवा त्यांच्या गळ्यातून गेला नव्हता. बाई आतून आल्या, की ते अंगणातून विचारीत, “वैजू, आज कितवी खेप?” आणि समोरच्या घरातली खिडकी हळूच उघडे.

“अहो, हळू!”

“अगं, पोट आहे ते! त्याला काय लाजायचं?”

असो. व्हरांड्यात त्या दिवशी गर्दी होती. कपाटाचा आवाज म्हाताऱ्यांना ऐकू यावा म्हणून मोठा ठेवलेला. बाकावर बसलेल्यांत निम्मे बाईंचे जुने विद्यार्थी. बाईंना पाहून ते उभे राहिले, एकाने तंबाखू गिळली.

“नमस्कार!” धन्वी म्हणाली. “आपल्याला काय त्रास होतो?”

“पोटाचा,” बाई म्हणाल्या. “दुखतं. आणि सारखं… बाहेर जावं लागतं.”

“दिवसातून किती वेळा बाहेर जाता?”

“बारा. कधी पंधरा वेळा.”

“फारच छान! रात्री बाहेर जाता का?”

छान कशाबद्दल, हे बाईंना कळले नाही. पण मशीन सरकारी होते, प्रोत्साहन देत असेल. “रात्रीही उठावं लागतं. तीन-चारदा.”

“रात्री एकट्या जाता की सोबत कोणी असते?”

बाई लाल झाल्या. मागे बाकावरची माणसे पुढे वाकली होती. “मिस्टर दिवा लावून देतात,” त्या पुटपुटल्या.

“पतीचे सहकार्य आहे. उत्तम. बाहेर जाऊन आल्यावर बरे वाटते का?”

“थोडा वेळ वाटतं. मग पुन्हा तेच.” बाईंनी पदर सावरला आणि सगळा धीर गोळा केला. डॉक्टरांनी बजावून सांगितले होते, रक्ताचे सांगायचे. “आणि बाहेर जाते तेव्हा… लाल असतं.”

कपाट क्षणभर विचारात पडले. “लाल रंग अंधारात वाहनचालकांना उठून दिसतो. ही सवय सोडू नका. आपल्या वयाच्या स्त्रियांच्या तुलनेत आपली हिंडण्याफिरण्याची क्षमता असामान्य आहे. आपल्याला बीची आवश्यकता नाही. धन्यवाद!”

बाई उठल्या. त्यांच्या पुढे काय बोलावे हे न सुचून बाकावरचा एक जण म्हणाला, “अभिनंदन, बाई.”

घरी हे ऐकून प्रदीपराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन ते पुन्हा हसले. मग त्यांनी पाहिले, की बायको भिंतीला धरून उभी आहे आणि हसत नाही. तेव्हा ते चप्पल घालून निघाले.

“कुठे निघालात?”

“त्या कपाटाला मराठी शिकवायला.”

“ते तुमचं ऐकणार नाही. माझाच आवाज लागतो त्याला.”

“मग तू सांग ना सरळ! एक शब्द आहे, वैजू. तीन अक्षरांचा. अनुस्वार धरून.”

“त्या व्हरांड्यात? सगळ्यांसमोर?” बाई म्हणाल्या. “माझे विद्यार्थी बसलेले असतात तिथे.”

“त्यांना काय वाटतं, तू काय उदबत्तीवर जगतेस?”

बाईंनी भिंत सोडली. त्यांना आत जायचे होते.

पुढच्या मंगळवारी त्या पुन्हा गेल्या. या खेपेला तयारी होती. मराठीच्या शिक्षिका त्या, सभ्य पर्याय त्यांच्याकडे होताच. रुग्णालयातल्या कोमल सिस्टरनी रांग जरा मागे सरकवली. “बाई, मोठ्यानं बोला हं,” सिस्टर म्हणाल्या. “मी तुमच्या वतीनं सांगितलं असतं, पण ते मला हिंग लावूनही विचारत नाही.”

बाई कपाटाच्या अगदी जवळ गेल्या, तोंडावर पदर धरला आणि कुजबुजल्या, “मी पंधरा वेळा शौचाला जाते.”

“दिवसातून पंधरा वेळा शाळेला जाता,” धन्वी गरजली. “रात्रीही शाळेला जाता का?”

बाई हबकल्या. त्यांनी आणखी हळू आवाजात तोच शब्द पुन्हा सांगितला.

“समजले. शाळेला. शाळेला जाताना पोटात कळ येते का?”

“येते हो! तेच तर सांगतेय.”

“असे पुष्कळांना होते. मुख्याध्यापकांशी मोकळेपणाने बोला. धन्यवाद!”

त्यांच्यानंतर नंबर होता दस्तगीर मुलाणीचा. स्टँडमागे त्याचे वेल्डिंगचे दुकान. शाळेत असताना या मुलाला बाक पुरत नसे, आता शर्ट त्याला पुरून उरला होता. त्याने घसा खाकरला आणि बाईंच्या शाळेत शिकलेल्या स्वच्छ मराठीत सांगितले, की तो रोज दहा वेळा बाहेर जातो.

“वा!” धन्वी म्हणाली. “चालणे सुरू ठेवा.”

दस्तगीर खुशीत वळला. “बाई, मला शाबासकी दिली की मशीननं! आता ह्यात आजार कसला म्हणायचा? घरचे उगाच घाबरवतात.” आणि तो पोटावर हात दाबत घाईने निघून गेला. कुठे, ते बाईंना बरोबर कळले.

बाई व्हरांड्यात बसून राहिल्या. त्यांनी ऐकले. दस्तगीरच्या मागचा बाहेर जात होता. त्याच्या मागे कुणाची तरी सून होती, ती सहा महिने बाहेर जात होती आणि तिचे वजन लहान मुलीएवढे झाले होते. एकेकाला शाबासकी मिळत होती. बाईंनी आयुष्यभर पेरलेले सभ्य मराठी त्या दिवशी एकसारखे उगवून आलेले त्यांना दिसले, आणि त्यांच्या मनात आले, की माझा हा तास जरा जास्तच चांगला झाला.

“सिस्टर,” त्या म्हणाल्या, “त्याला सांगा ना की बाहेर म्हणजे ते नव्हे.”

“वर कळवलंय, बाई. उत्तर आलं, रुग्णांच्या आवाजात तक्रार नोंदवा.”

वर मात्र वेगळेच घडत होते. राजधानीत बसलेल्या मोठ्या यंत्राने राज्यातल्या सगळ्या धन्वींची बेरीज केली, तेव्हा पिंपळदरा तालुका राज्यात पहिला आला. इथली माणसे दिवसातून जितक्या वेळा बाहेर पडत, तितक्या वेळा पुण्याची माणसे आठवड्यातून पडत नव्हती. रात्री-अपरात्री चालत, लाल कपडे घालून चालत, पोटात कळा येत असतानाही चालत. अशा तालुक्याला बिया पाठवणे म्हणजे उधळपट्टी, असे यंत्राने सुचवले. त्यांचा वाटा शेजारच्या आळशी तालुक्यांना गेला. पिंपळदऱ्याला चालण्यासाठी रंगीत फरश्यांचा मार्ग मंजूर झाला आणि ‘फिरता तालुका, निरोगी तालुका’ हा पुरस्कार जाहीर झाला.

वैयक्तिक पुरस्कार तालुक्यातल्या सर्वाधिक चालणाऱ्या नागरिकाला होता. आकडेवारीत वाद नव्हता. श्रीमती वैजयंती प्रदीप नेर्लेकर.

प्रदीपराव या वेळी हसले नाहीत. “जाऊ नकोस,” ते म्हणाले. “मी सांगतो, ती फिरायला गेलीय म्हणून.”

“जाते मी,” बाई म्हणाल्या. “धन्वीला आणणार आहेत तिथे.”

शाळेच्या पटांगणावर मांडव पडला. सकाळची वेळ, सगळा गाव जमलेला. आरोग्य खात्याचे उपसंचालक डॉ. सरपोतदार आले. हा गोड बोलणारा गृहस्थ होता आणि कुठल्याही आकड्यावर त्याचे मनापासून प्रेम बसत असे. व्यासपीठावर एका बाजूला पोपटी कपाट उभे केले होते, त्याच्या गळ्यातही हार. विज्ञानाचे प्रात्यक्षिक म्हणून धन्वी विजेत्यांची थेट मुलाखत घेणार होती.

बाईंना शाल मिळाली, नारळ मिळाला, चालायचे बूट मिळाले. त्यांचा चेहरा त्या शालीपेक्षा पांढरा होता. सरपोतदार म्हणाले, “मित्रहो, या माउलीकडे पाहा. या वयात, दिवसातून पंधरा वेळा!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

“नमस्कार, वैजयंतीताई,” धन्वी म्हणाली. “आपला आवाज ओळखला आहे. आपण इतक्या वेळा बाहेर कशा जाता, हे तरुणांना सांगाल का?”

बाई माईकपुढे उभ्या राहिल्या. समोर पटांगणभर त्यांचेच विद्यार्थी, त्यांची मुले, काहींची नातवंडे. दस्तगीर अगदी कडेच्या खुर्चीवर होता, फाटकाजवळ. बाई स्वतः कुठल्याही समारंभात कडेच्याच खुर्चीवर बसत. त्यांनी मग बाकीच्या कडा पाहिल्या. चारी कडांच्या खुर्च्यांवर सुकलेली, ओढलेली तोंडे बसली होती, पाय फाटकाकडे वळवून. मधल्या खुर्च्यांवर तब्येतीची माणसे.

“बाहेर म्हणजे,” बाई म्हणाल्या आणि थांबल्या. माईकने त्यांचा श्वास गावभर ऐकवला.

“बाहेर म्हणजे संडासला.”

पटांगणात असे काही शांत झाले, की फाटकावरचा कावळा घाबरून उडाला.

“आवाज नीट आला नाही,” धन्वी म्हणाली. “कृपया पुन्हा सांगा.”

“संडासला!” बाईंनी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज लावला. “मी दिवसातून पंधरा वेळा संडासला जाते. फिरायला जात नाही. मला दारापर्यंत जाववत नाही. जुलाब होतात, रक्त पडतं. लाल ते रक्त. साडी नव्हे. शाळेला नाही, शौचाला. समजलं का?”

पहिल्या रांगेत प्रदीपराव बसले होते. कालव्यापलीकडून बोलणारा तो माणूस तोंड खाली घालून पुटपुटला, “वैजू, हळू गं जरा.” आणि त्यांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला.

“समजले,” धन्वी म्हणाली. तिच्या आवाजातला उत्सव गेला होता. “रक्त किती दिवसांपासून पडते?”

बाईंनी सांगितले. मग ताप येतो का, वजन किती उतरले, सांधे दुखतात का, सगळे विचारले गेले आणि बाईंनी सगळे सांगितले, शालीसकट उभे राहून. गाव ऐकत होता. कोणी हसले नाही. एक लहान मूल हसले, त्याच्या आईने त्याला चिमटा काढला.

“आपल्याला बीची तातडीने आवश्यकता आहे,” धन्वी म्हणाली. “‘बाहेर’ या शब्दाच्या सर्व नोंदी पुन्हा तपासत आहे. कृपया थांबा.”

डॉ. सरपोतदारांच्या हातातला फोन थरथरू लागला. पिंपळदरा तालुका पहिल्या क्रमांकावरून त्यांच्या डोळ्यांदेखत खाली उतरत होता. त्यांनी फोन एकदा झटकून पाहिला, जसे थर्मामीटर झटकतात. तालुका शेवटून पहिला येऊन थांबला.

“मॅडम,” ते हळूच म्हणाले, “हे आपल्याला खाजगीत सांगता आलं असतं.”

“दोनदा सांगितलं,” बाई म्हणाल्या. “खाजगीत त्याला ऐकू येत नाही.”

एवढ्यात कडेची एक खुर्ची मागे सरकली. दस्तगीर उभा राहिला होता. वेल्डिंग करणाऱ्या माणसाचा आवाज, माईकची गरज नव्हती. “बाई! मला बी!”

“आपल्याला बी हवी आहे,” धन्वीने उत्तर दिले. “कृपया त्रास सांगा.”

आता मात्र पटांगण हसले. दस्तगीरही हसला आणि हसता हसता त्याने आपला त्रास सांगितला, बाईंनी नुकताच शिकवलेला शब्द वापरून. मग ती सून उठली. तिला शब्द जमेना, ती रडायला लागली, तेव्हा बाई व्यासपीठावरून म्हणाल्या, “म्हण, म्हण. मी ऐकतेय.” आणि तिने म्हटला. सत्काराचा कार्यक्रम दुपारपर्यंत चालला. भाषणे राहून गेली, ती कोणी आठवणीने मागितली नाहीत.

बाईंना बी आठवडाभरात मिळाली. कोमल सिस्टरनी पोटावर पट्टी लावली, बाईंनी बी गिळली आणि तिने उतरता उतरता सगळी खबर दिली. मोठ्या आतड्यात ठिकठिकाणी सूज, जखमा. क्षयाची खूण कुठेही नाही. क्रोन. आतडे कापावे लागेल अशी वेळ अजून आलेली नव्हती, पण फार लांबही नव्हती, असे मंगळवारच्या डॉक्टरांनी सांगितले आणि त्याच दिवशी पहिले इंजेक्शन दिले.

दुखणे मुळातून जाणारे नव्हते, ते बाईंना समजावून सांगण्यात आले. पण ते बसून राहील, उठणार नाही, एवढी सोय झाली. दस्तगीरच्या बीने वेगळाच निकाल दिला, त्याचा क्षय निघाला, त्याची औषधे त्याला सुरू झाली. जुळ्या भावांपैकी एक इकडे राहत होता, एक तिकडे.

हळूहळू बाईंच्या खेपा उतरल्या. पोलकी खांद्यावर बसू लागली. एका सकाळी प्रदीपरावांनी सवयीने अंगणातून विचारले, “वैजू, आज कितवी खेप?” आणि मग जीभ चावली.

“दुसरी!” आतून उत्तर आले. समोरची खिडकी उघडली. “आणि शेवटची!” बाईंनी खिडकीलाही सांगून टाकले. प्रदीपराव चहा ठेवायला आत पळाले. बायको अशी बोलू लागल्यापासून त्यांचा आवाज बराच खाली आला होता. घरात मोठ्याने बोलायला एक माणूस पुरतो.

पावसाळा सरला, थंडी पडली. एका मंगळवारी बाई इंजेक्शनसाठी रुग्णालयात आल्या, तेव्हा कोमल सिस्टर त्यांना धावतपळत संगणकाच्या पडद्यापुढे घेऊन गेल्या. पडद्यावर डॉ. सरपोतदार होते. त्यांच्यामागे लांबलचक टेबलाभोवती बरीच मोठी माणसे बसली होती, त्यांतली काही परदेशी दिसत होती आणि सगळी बाईंकडे पाहत होती.

“मॅडम,” सरपोतदार म्हणाले, आणि ते खरोखरच भारावले होते, कारण त्यांना नवे आकडे मिळाले होते. “तुमच्या त्या एका वाक्यानंतर आम्ही सगळ्या राज्यातल्या नोंदी तपासल्या. कुठे लोक परसाकडे जातात, कुठे झाड्याला जातात, कुठे डबा घेऊन जातात, कोकणात तर काही जण नुसतेच ‘जाऊन येतात’. धन्वी सगळ्यांना फिरायला पाठवत होती! आता नाही. आज या राज्यात कोणीही माणूस कुठल्याही बोलीत कितीही आडून बोलला, तरी धन्वी त्याचं पोट ओळखते. हजारो माणसं वेळेवर औषधाला लागली. बाहेरच्या देशांतूनही विचारणा येतेय. त्यांच्याकडेही लोक म्हणे असेच कुठे कुठे जातात. मॅडम, विज्ञानानं बी शोधली, पण तिला वाट तुम्ही दाखवलीत. धन्वीच्या नव्या आवृत्तीला आम्ही ‘वैजयंती’ हे नाव देतो आहोत.”

टेबलाभोवतीच्या माणसांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. कोमल सिस्टरनीही वाजवल्या. प्रदीपराव दारात उभे होते, त्यांना दोन्ही हात कुठे ठेवावेत हे समजेना.

“आणि शासनाची इच्छा आहे,” सरपोतदार पुढे म्हणाले, “की तुम्ही स्वतः काहीतरी मागावं. काहीही. रस्त्याला नाव, शाळेला नवी इमारत, तुम्ही म्हणाल ते. या क्षणी संकोच करू नका, मॅडम.”

बाईंनी जरा विचार केला. पदर सावरला. मग टेबलाभोवतीची सगळी माणसे, परदेशी धरून, कान देऊन ऐकू लागली, तेव्हा त्या म्हणाल्या, “या दवाखान्यातल्या बायकांच्या संडासाला आतून कडी नाही. तेवढी एक लावून द्या.”